समुद्राच्या पोटातला भोवरा मोजणार कोण?

समुद्र वरून दिसतो, तसा आत नसतो. हजार मीटर खाली शंभर किलोमीटर रुंदीचे भोवरे वर्ष-दोन वर्षं फिरत राहतात. त्याही खाली आता आपण खाणकाम करायचं म्हणतोय. मग आधी तिथलं पाणी मोजायला नको?

एक साधा प्रश्न. समुद्रात दोन किलोमीटर खाली पाणी काय करत असेल?

बहुतेक जण म्हणतील, काय करणार? पडून असेल. लाटा वर, वारा वर, वादळं वर. खाली अंधार, गारठा आणि शांतता.

तुम्हालाही असंच वाटत असेल तर वाईट वाटून घेऊ नका. १९५० च्या दशकापर्यंत भल्याभल्या समुद्रशास्त्रज्ञांचा अंदाज याच्याच जवळपास होता. खोल पाणी सरकतं, पण अगदी हळू, एका दिशेनं, शिस्तीत. असं सगळे धरून चालले होते.

मग जॉन स्वॅलो नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं एक जुगाड केला. इमारतीच्या परांचीला वापरतात तसल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या त्यानं घेतल्या. त्यांचं वजन असं बेतलं की त्या बुडतील, पण तळाला जाणार नाहीत. ठरलेल्या खोलीवर अधांतरी थांबतील आणि पाण्याबरोबर वाहत जातील. आत आवाज करणारं यंत्र बसवलं, म्हणजे वर जहाजावरून कान लावून त्यांचा माग काढता येईल. १९५९-६० मध्ये बर्म्युडाजवळ ‘एरीज’ नावाच्या छोट्या जहाजावरून या नळ्या खोल पाण्यात सोडल्या. अपेक्षा ही, की त्या रमतगमत एका बाजूला सरकतील.

झालं उलटंच. नळ्या पळायला लागल्या. सेकंदाला दहा सेंटिमीटर, कधी त्याहूनही जोरात. अंदाजाच्या कितीतरी पट. बरं, दिशाही एक नाही. काही आठवड्यांत ही इकडे, तर ती तिकडे. इतक्या वर्षांचा ‘खाली सगळं निवांत’ हा समज काही महिन्यांत निकालात निघाला.

पुढे १९७३ मध्ये ‘मोड’ आणि १९७७-७८ मध्ये ‘पॉलिमोड’ अशा मोठ्या मोहिमा अटलांटिकमध्ये झाल्या. पॉलिमोडमध्ये तर अमेरिका आणि सोव्हिएत रशिया एकत्र होते, तेही शीतयुद्ध चालू असताना. या मोहिमांनी जे दाखवलं ते आज पाठ्यपुस्तकात आहे: समुद्राला स्वतःचं हवामान असतं. हवेत जशी वादळं आणि कमी-जास्त दाबाचे पट्टे, तसे पाण्यात भोवरे. समुद्राच्या हालचालीतली बहुतेक ऊर्जा या भोवऱ्यांमध्ये असते.

भोवरा, पण तो नव्हे

भोवरा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोन गोष्टी येतात. एक, जाळी गुंडाळून फेकायचा लाकडी भोवरा. दुसरा, नदीच्या डोहातला, माणसाला आत ओढणारा भोवरा. खोल समुद्रातला भोवरा यातल्या पहिल्याच्या जवळचा आहे. तो कुणाला आत ओढत नाही. तो फिरतो, आणि फिरता फिरता सरकत जातो.

पण तो टिकतो कसा? बादलीत पाणी ढवळलं तर मिनिटाभरात थांबतं. हा तर वर्ष-वर्ष फिरतो.

त्याचं कारण पृथ्वीचं फिरणं. समजा, एका ठिकाणी जास्त दाबाच्या पाण्याचा गोळा आहे. ते पाणी बाहेर पसरू पाहतं. पण उत्तर गोलार्धात वाहत्या पाण्याला पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे रेटा बसतो. बाहेर निघालेलं पाणी उजवीकडे वळतं, वळतच राहतं, आणि गोळ्याभोवती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरायला लागतं. दाब बाहेर ढकलतो, फिरण्यामुळे येणारा रेटा आत. दोघांचं जमलं की पाणी पसरत नाही, नुसतं फिरतं. कमी दाबाचा गोळा असेल तर हेच उलट्या दिशेनं. दक्षिण गोलार्धात सगळंच उलट.

आणि आकार? गोळा म्हटलं तरी तो चेंडूसारखा नसतो. समुद्रात हलकं पाणी वर आणि जड पाणी खाली असे थर असतात. वरखाली जायला पाणी नाखूश, आडवं पसरायला मोकळं. त्यामुळे भोवरा होतो चपटा. कडेला पातळ, मध्ये किंचित फुगीर. शास्त्रज्ञ त्याला भिंग म्हणतात, पण शंभर किलोमीटर रुंदी आणि आठशे मीटर जाडी हे प्रमाण बघितलं तर आपल्या घरची पोळी जास्त जवळची. वीस सेंटिमीटरची पोळी घेतलीत तर तिची जाडी दीड मिलिमीटर. अगदी तेच प्रमाण!

शेरॉन नावाची पोळी

या भोवऱ्यांमधले सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे ‘मेडी’. मेडिटरेनियन म्हणजे भूमध्य समुद्रातून निघालेले, म्हणून मेडी.

भूमध्य समुद्रात ऊन भरपूर, पाऊस कमी. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं. हे खारट आणि म्हणून जड पाणी जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून, तळाला चिकटून अटलांटिकमध्ये उतरतं. उताराला लागलेल्या पाण्यासारखं खाली घसरतं. जाता जाता आजूबाजूचं पाणी मिसळत जातं आणि साधारण हजार मीटरवर त्याचं वजन शेजारच्या पाण्याइतकं होतं. तिथं ते थांबतं आणि पोर्तुगालच्या किनाऱ्याच्या कडेकडेनं वाहायला लागतं. किनारा जिथं एकदम वळतो, तिथं या प्रवाहाचे तुकडे सुटतात, गरगरत. तेच मेडी.

१९८४ मध्ये शास्त्रज्ञांनी अशाच एका मेडीला गाठलं. नाव ठेवलं शेरॉन. दोन वर्षं पाठपुरावा केला. तिच्या पोटात आवाज करणारी तरंगती यंत्रं सोडली, चार वेळा जहाज घेऊन जाऊन तिची तपासणी केली. शेरॉन शंभर किलोमीटर रुंद, आठशे मीटर जाड. दोन वर्षांत ती अकराशे किलोमीटर सरकली, म्हणजे दिवसाला जेमतेम दीड किलोमीटर. पण मेडीचं स्वतःभोवती फिरणं मात्र जोरात असतं. गाभ्यातलं पाणी पाच-सहा दिवसांत एक फेरी पूर्ण करतं.

आता एक हिशेब करू. हात राखून केला तरी एवढ्या एका भोवऱ्यातल्या पाण्यानं कोयनेसारखी हजार धरणं भरतील. मेडीचं पाणी आजूबाजूच्यापेक्षा चार अंशांपर्यंत गरम असतं, आणि खारटही. घनमीटरला फक्त अर्धा किलो जास्त मीठ धरलं तरी दीड अब्ज टन जादा मीठ घेऊन ही पोळी अंधारातून चालली होती. वरून जाणाऱ्या जहाजांना पत्ताही नाही.

मेडी मरतात कशा, हेही भारी आहे. मेडीच्या बुडाशी वर गरम-खारट आणि खाली थंड-कमी खारट पाणी असतं. पाण्यात उष्णता मिठापेक्षा सुमारे शंभर पट वेगानं पसरते. त्यामुळे खारट पाणी आपली ऊब पटकन गमावतं, मीठ मात्र त्याच्याकडेच राहतं. ते जड होतं आणि काही सेंटिमीटर जाडीच्या बारीक धारांनी खाली उतरायला लागतं. या धारांना शास्त्रज्ञ ‘मिठाची बोटं’ म्हणतात. कडेनंही बाहेरच्या पाण्याचे पातळ थर आत घुसत राहतात. जुन्या वाड्याला वाळवी लागावी तसं. दोन वर्षांत शेरॉनचा मूळ गाभा संपला. तिला निदान म्हातारपण तरी मिळालं. बाकीच्या मेडींबद्दल २००० सालच्या एका मोजदादीचा अंदाज असा, की वर्षाला साधारण सतरा मेडी जन्मतात आणि त्यातल्या नव्वद टक्के कधी ना कधी समुद्राखालच्या डोंगरांवर आदळतात.

शंभर किलोमीटरची वस्तू काही सेंटिमीटरच्या बोटांनी पोखरली जाते. हवामानाची गणितं मांडणाऱ्यांना म्हणून तर घाम फुटतो. एवढं मोठं आणि एवढं बारीक, दोन्ही एकाच संगणकात बसवायचं कसं?

आपल्या दारातला समुद्र

हे सगळं तिकडे अटलांटिकमध्ये, आपल्याला काय त्याचं? असं म्हणू नका. अरबी समुद्राला असे दोन-दोन ‘भूमध्य’ आहेत. पर्शियन आखात आणि तांबडा समुद्र. दोन्हीकडे ऊन रणरणतं, दोन्हीकडून जड खारट पाणी अरबी समुद्रात उतरतं. आखाताचं दोनशे-तीनशे मीटरच्या आसपास थांबतं, तांबड्या समुद्राचं आणखी खाली जातं. आखाताच्या पाण्याचे असे पृष्ठभागाखालचे भोवरे ओमानच्या आखातात मोजले गेले आहेत.

सोमालियाच्या किनाऱ्याजवळ तर ‘ग्रेट व्हर्ल’ नावाचा भोवरा दरवर्षी मॉन्सूनबरोबर मोठा होतो. साधारण पाचशे किलोमीटर रुंद, हजार मीटरहून खोल. हे नाव १८६६ पासून चालत आलंय. ज्या वाऱ्यांची आपण जूनमध्ये आकाशाकडे डोळे लावून वाट बघतो, तेच वारे तिकडे हा भोवरा फिरवतात.

आणि अरबी समुद्राचं एक दुखणंही आहे. साधारण शंभर मीटरपासून हजार मीटरपर्यंत त्याच्या पाण्यात प्राणवायू फार कमी आहे. आखाताचं पाणी आणि भोवरे या पट्ट्यात थोडा प्राणवायू पोहोचवतात. चाचेगिरी आणि तणावामुळे ओमानच्या आखातात बरीच वर्षं संशोधनाची जहाजं नीट जाऊ शकली नाहीत. शेवटी ब्रिटनच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठानं पाण्याखालचे रोबोट पाठवले. आठ महिने ते हजार मीटरपर्यंत खालीवर करत राहिले. २०१८ मध्ये निष्कर्ष आला: अंदाज होता त्याहून परिस्थिती वाईट आहे. माणसं मोजायला गेली नाहीत, म्हणून समुद्र बिघडायचा थांबला नव्हता.

चाळणीची भोकं मोठी

तुम्ही म्हणाल, उपग्रह आहेत ना? आहेत. पण उपग्रह बघतात पृष्ठभाग. तिथलं तापमान, उंची, रंग. हजार मीटर खाली दडलेल्या भोवऱ्याची वर खूण उमटली तरी अगदी पुसट.

मग ‘आर्गो’ आहे. जगभरच्या समुद्रांत मिळून सुमारे चार हजार तरंगती यंत्रं. हजार मीटरवर वाहत राहायचं, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत जाऊन वर यायचं, येता येता तापमान आणि खारटपणा मोजायचा, उपग्रहाला माहिती द्यायची. जगातल्या सगळ्यात सुंदर वैज्ञानिक प्रकल्पांपैकी हा एक. पण दोन यंत्रांमधलं अंतर साधारण तीनशे किलोमीटर. साठ-सत्तर किलोमीटरचा भोवरा मधून आरामात निसटतो. आणि समुद्राची सरासरी खोली आहे साधारण ३,७०० मीटर. म्हणजे नेहमीचा आर्गो निम्म्यावरून परत फिरतो. त्याखाली जाणारी यंत्रं अजून मोजकी आहेत.

खिंडीतला वारा, तळातला चिखल

आता मुद्द्यावर येतो.

प्रशांत महासागरात, मेक्सिको आणि हवाईच्या मधल्या पट्ट्यात चार-पाच किलोमीटर खोल तळावर बटाट्याएवढे धातूचे गोळे पसरलेत. मँगनीज, निकेल, कोबाल्ट, तांबं. बॅटऱ्यांसाठी सगळ्यांना हवेत. गोळे उचलायचे तर तळ खरवडावा लागणार आणि चिखलाचे लोट उठणार. ते कुठवर जातील, हा कळीचा प्रश्न. तळाचं पाणी शांत असेल तर चिखल जवळच बसेल, हा सोयीचा समज.

२०१७ मध्ये या पट्ट्याबद्दल एक अभ्यास छापून आला. मध्य अमेरिकेत डोंगरांच्या खिंडींमधून जोरदार वारा समुद्रावर येतो आणि भोवरे तयार करतो. ते पश्चिमेला सरकत सरकत या पट्ट्यावर पोहोचतात. तसा एक भोवरा वरून गेला तेव्हा चार हजार मीटरहून खाली, तळाजवळच्या पाण्याचा वेगही वाढला. म्हणजे खिंडीतून सुटलेला वारा, काही महिन्यांनी, दूर समुद्रात, चार किलोमीटर खालचा चिखल कुठे जाणार हे ठरवू शकतो. शांत दिवशी जाऊन मोजलं आणि आलं, असं करून चालणार नाही हा त्याचा सरळ अर्थ.

यात भारत कुठे? अगदी पुढे. १९८१ च्या २६ जानेवारीला ‘गवेषणी’ जहाजानं असा पहिला गोळा वर काढला. १९८७ मध्ये या कामासाठी ‘पायोनियर इन्व्हेस्टर’ म्हणून नोंद झालेला पहिला देश आपलाच. मध्य हिंदी महासागरात ७५ हजार चौरस किलोमीटरचा पट्टा शोधकामासाठी आपल्याकडे आहे. २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपयांच्या डीप ओशन मिशनला मंजुरी मिळाली. तिघांना घेऊन सहा हजार मीटर खाली जाणारी ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी चेन्नईत बनतेय.

मला या सगळ्याचा अभिमान वाटतो. पण माझं मत स्पष्ट आहे: खणायच्या आधी मोजा. चार दिवस नाही, काही वर्षं. तळाला बांधलेल्या प्रवाहमापकांची रांग त्या पट्ट्यात सलग उभी राहू दे. भोवरे किती येतात, कधी येतात, खाली किती पोहोचतात, हे आकडे जगासमोर उघडे ठेवा. मगच चिखल उडवायचा की नाही ते ठरवा. तळावरचे ते गोळे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. ते कुठं पळून जात नाहीत. घाई आपल्याला आहे, त्यांना नाही.

आणि हे आपल्याला जमतं, हेही खरं. गोव्यात दोना पावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुढाकारानं १९९७ मध्ये याच पट्ट्यात तळ मुद्दाम ढवळून त्याचे परिणाम तपासले गेले होते. परंपरा आहे. तीच आता मोठ्या प्रमाणावर आणि जास्त काळ चालवायची आहे.

काही जण म्हणतील, इथं गावाला प्यायला पाणी नाही आणि तुम्ही समुद्राच्या तळाचं काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. पण गावाचं पाणी येतं पावसातून, आणि पाऊस येतो समुद्रावरून. समुद्र उष्णता कुठे साठवतो आणि कुठे पोहोचवतो, हे समजल्याशिवाय पावसाचे अंदाज सुधारणार नाहीत. दुसरे म्हणतील, बॅटऱ्या नकोत का? हव्यात. म्हणून तर मी ‘खणूच नका’ म्हणत नाही. पण ज्या समुद्राच्या तळावर आपण कुदळ मारणार, तिथलं पाणी कसं वाहतं हे माहीत नसणं, याला धाडस म्हणत नाहीत. त्याला बेफिकिरी म्हणतात.

मोजणार कोण? तुम्हीच!

आता प्रश्न उरतो माणसांचा. पाणबुडीचे फोटो छापून येतात. पण प्रवाहमापक तळाला बांधून वर्षानं परत जाऊन तो काढणाऱ्या, त्यातला गंज खरवडून आकडे वाचणाऱ्या माणसांचे फोटो येत नाहीत. हे काम संथ असतं. शेरॉनच्या मागे शास्त्रज्ञ दोन वर्षं फिरले, तेव्हा कुठे तिचं मरण समजलं.

तुम्ही भौतिकशास्त्र, गणित, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरचे विद्यार्थी असाल तर हा रस्ता तुम्हाला खुला आहे. बारावीनंतर सगळ्यांनी एकाच दारावर गर्दी करायची, असं कुठे लिहून ठेवलंय? गोवा विद्यापीठात आणि कोचीच्या विद्यापीठात समुद्रविज्ञान शिकता येतं. पुण्याच्या आयआयटीएममध्ये मॉन्सूनचा, हैदराबादच्या इन्कॉइसमध्ये समुद्राचा अभ्यास चालतो. समुद्र कधी पाहिला नसेल तरी चालेल. लातूरच्या किंवा चंद्रपूरच्या मुलीनं गणिताच्या जोरावर अरबी समुद्राचा भोवरा ओळखणं, यात अशक्य काहीच नाही.

आणि आजच सुरुवात करायची असेल तर आर्गोची सगळी माहिती जगात कुणालाही फुकट बघता येते. लॅपटॉप, थोडं पायथन आणि चिकाटी, एवढं भांडवल पुरतं. एखाद्या यंत्रानं हजार मीटरवर अचानक जास्त खारट पाणी नोंदवलंय का, ते शोधून बघा. सापडलं, तर थांबा आणि खात्री करा. कारण मेडीची पहिली गोष्टच गमतीची आहे. १९७६ मध्ये बहामाजवळ सापडलेल्या एका भोवऱ्यातलं पाणी भूमध्य समुद्राचं मानलं गेलं आणि तिथून मेडींचा शोध सुरू झाला. तेवीस वर्षांनी, १९९९ मध्ये, त्या शोधातल्याच एका शास्त्रज्ञानं सहकाऱ्यासोबत निबंध लिहून सुचवलं, की तो भोवरा बहुधा भूमध्य समुद्रातून आलेलाच नव्हता!

आपल्याच शोधावर पुन्हा प्रश्न विचारायला तयार असलेली माणसं खोल समुद्राला हवी आहेत. पाणबुडी खाली उतरेल तेव्हा उतरेल. तिच्या आधी हे आकडे गोळा करायला निघणाऱ्यांमध्ये तुमच्यातले चार-दोन जण तरी असावेत, एवढंच म्हणणं आहे.